जुन्या गाडीला नवा गळा

मैत्रिणींनो, गाडीतले स्पीकर बदलणे हा काय आपल्या पानांवर लिहायचा विषय आहे, असं तुम्ही म्हणाल. लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून काय करावं, रेशमी साडीवरचा तेलाचा डाग कसा काढावा, ही आपली कामं. तारा, स्क्रू आणि स्पीकर हे खातं पुरुषमंडळींचं! पण ज्या गाडीतून सारं घर हिंडतं, त्या गाडीत कुणाला ऐकू येतं आणि कुणाला येत नाही, ही बाब घरातलीच नाही का? म्हणून आज हे लिहायला बसले.

आमची गाडी म्हणजे २००६ सालची मारुती ८००. १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि २०१४ च्या सुरुवातीला कारखान्याने ती बनवणं थांबवलं. आमची आम्ही जुनीच घेतलेली, नंबर वाशीमचाच, एमएच ३७. इंजिन अजून कुरकुरत नाही. आमचे हे दर वर्षी म्हणतात, "सोयाबीनचे पैसे आले की नवी घेऊ." आणि दर वर्षी सोयाबीनचा भाव असा काही पडतो की नवी गाडी आपली पुढच्या हंगामावर जाते. तेव्हा आहे तीच नीट सांभाळायची, हे आमच्या घरी ठरलेलंच आहे.

वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला खरा, पण मोठा दवाखाना आणि मोठी खरेदी म्हटली की आमची गाडी अजून अकोल्याचीच वाट धरते. त्यातून सासूबाईंचं माहेर कारंज्याचं. गुरुमंदिरात दर्शनाला आणि भावाकडे दोन दिवस राहायला त्यांना महिन्या-दोन महिन्यांनी मंगरुळपीरवरून घेऊन जायचं, हे कामही माझ्याकडेच. गाडी मीच चालवते, बरं का! चाळिशीनंतर शिकले, पण शिकले.

आता या प्रवासात काय व्हायचं ते सांगते. सासूबाई पुढे, माझ्या डाव्या हाताला बसायच्या. त्यांना कीर्तन हवं असायचं. मागे आमचा धाकटा. त्याला त्याची गाणी. पहिल्या मालकाने मागच्या काचेखालच्या फळीवर दोन मोठे लांबट स्पीकर बसवलेले होते, सहा बाय नऊ इंचांचे, आणि पुढच्या दारांत चार इंचांचे दोन लहान. मागच्यांचा धडधडाट असा की काच थरथरायची. पुढचे दोन नुसते फरफरायचे. कीर्तन लावलं की सासूबाई म्हणायच्या, "मोठं कर." मोठं केलं की म्हणायच्या, "काय म्हणते तो, मले काईच समजत नाई. नुसतं डोकं दुखून राह्यलं!" लहान केलं की पुन्हा, "मोठं कर व." धाकटा मागून चिडायचा, मी स्टिअरिंगवरून चिडायची, आणि मग त्या गप्प व्हायच्या. खिडकीबाहेर बघत बसायच्या ते कारंजा येईस्तोवर.

हा त्यांचा गप्पपणा हळूहळू घरातही शिरला होता. लग्नकार्यात कुणी काही विचारलं की नुसतं हसून मान हलवायच्या. एकीने तर विचारलं होतं, "तब्येत कशी आहे?" तर यांनी उत्तर दिलं, "दुपारच्या गाडीनं आलो." बायका हसल्या. घरात कुणी म्हणे विसराळू झाल्या, कुणी म्हणे मुद्दाम करतात. आणि ज्या बाईने तीस माणसांच्या पंगती एका आवाजात उठवल्या-बसवल्या, ती बाई कुणी बोलायला आलं की पदर सावरून आत जाऊ लागली.

तर मी ठरवलं, निदान गाडीतलं भांडण तरी मिटवायचं. आमचे हे हसले. "वीस वर्षांची म्हातारी गाडी, तिला कसले दागिने घालतेस?" म्हटलं, दागिने नव्हेत, गळा साफ करायचाय तिचा. आणि भिशीचे पैसे माझे आहेत!

पहिल्या दुकानात गेले तर दुकानदार माझ्याशी बोलेचना. बोलत होता माझ्या चौदा वर्षांच्या मुलाशी! "काय घेणार, बेस ट्यूब बसवतो, अख्खी गल्ली हलेल." मी म्हटलं, "भाऊ, गल्ली हलवायची नाही. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला शब्द ऐकू आले पाहिजेत." त्यावर तो म्हणे, "मग आवाज वाढवा." तिथून उठले.

दुसरा कारागीर मिळाला तो अकोला नाक्याकडचा एक तरुण मुलगा. एवढंसं दुकान, पण समज मोठी. त्याने दाराचं आवरण काढून मला जुना स्पीकर दाखवला. स्पीकर म्हणजे कागदाचा एक पसरट भोंगा. त्याच्या कडेला मऊ पट्टी असते, तिच्या आधाराने तो पुढे-मागे हलतो आणि हवा ढकलतो. उन्हाने आणि दमटपणाने ती पट्टी कुजते, तिचा भुगा होतो. आमची तर बोट लावताच पडली. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन आठवा, बंद गाडीत काय भट्टी होते! अशा फाटक्या स्पीकरवर आवाज वाढवला की शब्द नाही, फरफर वाढते.

त्या मुलाने मग जे चार शब्द समजावले, ते तुमच्याही उपयोगाचे आहेत म्हणून देते.

खोक्यावर "३०० वॅट" असं ठळक छापलेलं असतं, ते बघून भुलू नका. तो क्षणभराचा आकडा. खरा आकडा बारीक अक्षरात असतो, त्याला आरएमएस म्हणतात. गाडीतल्या साध्या डेकवर "५० गुणिले ४" लिहिलं असलं तरी प्रत्येक स्पीकरला त्यातून पंधरा-वीस वॅटच नीट मिळतात. म्हणून तेवढ्यातही मोकळा वाजेल असा स्पीकर घ्यावा. खोक्यावर "सेन्सिटिव्हिटी" असा एक आकडा डेसिबलमध्ये दिलेला असतो, तो ९० च्या आसपास असला की बरं. हा आकडा तीनने कमी असेल तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट लागतात. आणि स्पीकर चार ओहमचा आहे ना, तेही विचारून घ्यावं.

मापाचंही तसंच. मोठा तो चांगला, असं मुळीच नाही. काच पूर्ण खाली केली की ती दाराच्या पोटात उतरते. स्पीकर खोल असला तर त्यावर आपटते. आम्ही माप चार इंचांचंच ठेवलं. फक्त मधोमध छोटा वेगळा भोंगा असलेले घेतले, कारण तिखट, बारीक आवाज तो काढतो.

आणि दार! पातळ पत्र्याचं दार म्हणजे रिकामा डबा. स्पीकर पुढे जसा आवाज टाकतो तसाच मागेही टाकतो, आणि मागचा आवाज फटींतून पुढे आला की दोघे एकमेकांना मारतात. त्याने फटी बुजवल्या, पत्र्याला आतून डांबराच्या जातीची जाड चिकटपट्टी लावली. दाराच्या आत पावसाचं पाणी ओघळत असतं, म्हणून आतला प्लॅस्टिकचा कागद न फाडता जिथल्या तिथे परत लावला. हे तुम्ही उभं राहून करून घ्या. घाईत तो कागद कचऱ्यात जातो आणि पहिल्याच पावसात नवा स्पीकर भिजतो.

एक युक्ती तर मला फारच आवडली. दोन स्पीकरपैकी एकाच्या तारा उलट लागल्या तर एक भोंगा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि भारदस्त आवाज निघूनच जातो. ते ओळखायला त्याने विजेरीतला दीड व्होल्टचा साधा सेल घेतला आणि त्याच्या दोन टोकांना स्पीकरच्या तारा क्षणभर टेकवल्या. भोंगा बाहेर आला, की सेलच्या अधिक टोकाला लागलेली तार अधिकची. झालं! काम सुरू करण्यापूर्वी गाडीच्या बॅटरीची वजा बाजूची तार मात्र काढून ठेवायची.

स्पीकरची जोडी १,९००, दाराची पट्टी ७००, तारा आणि क्लिपा २५०, मजुरी ६००. एकूण ३,४५० रुपये. मागचे धडधडे आम्ही तसेच ठेवले, फक्त डेकवरून आवाज पुढे ओढून घेतला.

मूळच्या बंगाली वडिलांचे चिरंजीव डॉ. अमर बोस यांनी अमेरिकेत १९६४ साली स्पीकरची कंपनी काढली. १९८० च्या दशकात त्यांनी एकेका गाडीची आतली जागा अभ्यासून तिच्याजोगे स्पीकर बनवले. वाशीमच्या त्या मुलाला हे ठाऊक नसेल, पण त्यानेही नेमकं तेच विचारलं, "काकू, ऐकणार कोण? त्यांनाच आणा." म्हणून शेवटच्या तपासणीला मी सासूबाईंना घेऊन गेले आणि त्यांना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवलं. गाणं नको, कीर्तनच लाव म्हटलं.

शब्द लख्ख आले. सासूबाईंचा चेहरा खुलला. मग त्याने तपासण्यासाठी आवाज आधी सगळा उजव्या दाराकडे नेला. त्या म्हणाल्या, "हा बरा हाये, जवळून बोलते." मग सगळा डाव्या दाराकडे नेला, अगदी त्यांच्या गुडघ्याशी. तर म्हणतात, "हा लांबून बोलून राह्यला." त्या मुलाने तारा पुन्हा पाहिल्या. बोनेटवर हात पुसला, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "काकू, स्पीकर दोन्ही सारखेच आहेत. आजीचा डावा कान दाखवून घ्या."

त्याच आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. डाव्या कानात मळाचा दगडासारखा बोळा बसलेला. तो त्यांनी नीट काढला आणि मग दोन्ही कानांची यंत्रावर तपासणी केली. वयाने दोन्ही कान थोडे उतरले होते. डॉक्टरांनी समजावलं की वय झालं की आधी बारीक, तिखट आवाज जातात. स, श, च, त, क ही अक्षरं त्यातली. स्वर ऐकू येतात, अक्षरं गळतात. म्हणून माणूस म्हणतं, "आवाज येतो, पण समजत नाही." आणि आपण ओरडलो की स्वरच मोठे होतात, अक्षरं तिथेच राहतात. उलट कानाला त्रास होतो. आता उजव्या कानाला छोटं श्रवणयंत्र आहे. पहिले पंधरा दिवस त्यांनी कुरकुर केली, पण ठेवलं.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरात कुणी टीव्हीचा आवाज सारखा वाढवत असेल, हाक मारल्यावर भलतंच उत्तर देत असेल, तर विसराळू, हट्टी असे शिक्के मारण्याआधी कान तपासून घ्या. कानात कोमट तेल, काडी, हेअरपिन काही घालू नका; बोळा आणखी आत जातो आणि पडद्याला इजा होते. बोलताना समोर या, तोंड दिसू द्या, सावकाश बोला. ओरडू नका. एक कान कमजोर असेल तर चांगल्या कानाच्या बाजूला बसा. गाडीत माझ्या शेजारी सासूबाईंचा उजवा कान माझ्याकडे येतो, हे आमचं नशीबच म्हणायचं!

धाकट्यानेही आता तह केला आहे. जाताना कीर्तन, येताना त्याची गाणी. परवा येताना त्याचं एक गाणं लागलं होतं. सासूबाईंनी दोन कडवी ऐकली आणि मागे वळून म्हणाल्या, "काय रे, हे काय शब्द हायेत? लाज नाई वाटत?" पोराने पटकन गाणं बदललं. आता त्यांना सगळंच समजतं, ही त्याची नवी तक्रार!