चाकांच्या वाटेवरून

युटामधल्या मोआब गावाबाहेरची पॉयझन स्पायडर मेसाची वाट जीपवाल्यांची म्हणून ओळखली जाते. एप्रिलमध्ये आम्ही ती पायी चढलो. १९६७पासून ईस्टरच्या सुमारास मोआबमध्ये जीपवाल्यांची जत्राच भरते. ती पांगल्यावरचा एक आडवार आम्ही मुद्दाम धरला होता.

कोलोरॅडो नदीच्या काठाने जाणाऱ्या पोटॅश रोडवरून या वाटेला लागायचं. तो रस्ता सुरू होतो तिथेच जुन्या युरेनियम गिरणीची जागा आहे. १९५२ साली चार्ली स्टीन याला मोआबच्या आग्नेयेला युरेनियमचा मोठा साठा सापडला आणि खनिजं शोधणाऱ्यांची इथे रीघ लागली. त्यांनी बुलडोझर घालून रस्ते काढले. आज जीपवाटा म्हणून मिरवणारे कितीतरी रस्ते तेच. पुढे बाजार ओसरला, माणसं पांगली आणि नदीला लागून सुमारे १ कोटी ६० लाख टन किरणोत्सारी गाळ तसाच पडून राहिला. २००९ साली तो आगगाडीने उत्तरेला क्रेसेंट जंक्शनजवळ नेऊन पुरायला सुरुवात झाली. हव्यासाचं ओझं उचलायला इतकी वर्षं लागावीत, याचं मला फार वाईट वाटतं.

वाट सुरू होते तिथे, वरून घरंगळलेल्या एका शिळेवर डायनोसॉरची तीन बोटांची पावलं उमटलेली आहेत. ओल्या जमिनीवरून तो प्राणी चालत गेला तेव्हा ज्युरासिक काळ होता. बोटं स्पष्ट वेगळी दिसतात. मी बराच वेळ तिथून हललोच नाही.

मग चढण. वळणं घेत जाणाऱ्या वाटेवर मधेच दगडाच्या उंच पायऱ्या येतात आणि त्यांच्या कडांवर घासलेल्या टायरांचे काळे पट्टे दिसतात. वर गेल्यावर माती संपते आणि उघडा नवाहो वालुकाश्म सुरू होतो. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी हे वाऱ्याने रचलेले वाळूचे डोंगर होते. त्या वाळूचे तिरपे थर अजून दगडात ओळीने वाचता येतात. वारा कोणत्या बाजूने येत होता तेही त्यांवरून कळतं. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर पावसात जीव मुठीत धरून चालायची सवय असलेल्या पायांना हा खरखरीत दगड नवलाचा वाटतो. बूट असा पकड घेतो की अंगावर येणारा उतारही सरळ चढून जावा. समोर ला साल पर्वतावर बर्फ, आणि इकडे फटीत रुजलेल्या निवडुंगाला लालभडक फुलं.

दगडातल्या खळग्यांत पाणी साचलं होतं. एका खळग्यात पारदर्शक, इवल्या कोळंब्या उलट्या पोहत होत्या. खळगा आटला की त्या मरतात. अंडी मात्र कोरड्या गाळात वर्षानुवर्षं तग धरतात आणि पाऊस आला की फुटतात. हात बुडवायचा मोह होतो, पण बुडवू नये. कातडीवरच्या सनस्क्रीनचा तवंगही एवढ्याशा पाण्याला सोसत नाही.

दोन दगडांच्या मधली माती त्याहून नाजूक. करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा काळा, खडबडीत थर तिच्यावर असतो, आणि तो जिवंत आहे. सायनोबॅक्टेरियांचे चिकट तंतू वाळूचे कण बांधून ठेवतात, हवेतला नायट्रोजन मातीत आणतात. या थरामुळेच वाळू उडत नाही. त्यावर एक पाऊल पडलं तर तो पुन्हा धरायला कित्येक वर्षं, काही ठिकाणी दशकं जातात. म्हणून इथे हिंडायचं तर चाकांनी आधीच मळलेली वाट मला सगळ्यात चांगली वाटते. तिथे जे मोडायचं होतं ते मोडून झालंय. दगडावर रंगवलेल्या खुणा धरून निर्धास्त चालावं. नवी पायवाट पाडू नये.

उतरताना खालून एक जीप येताना दिसली. तिच्यापुढे एकजण पायी चालत, चालकाला हातांनी डावं-उजवं दाखवत होता. वाट अरुंद होती आणि बाजूला तोच काळा थर. आम्ही मागे फिरलो, वर मोकळ्या दगडावर जाऊन उभे राहिलो. चालकाने हात उंचावला, गिअर बदलला आणि पुढचं चाक हळूच पायरीवर चढवलं.