पवित्र प्रभाकर आणि आमचे थोरले काका

स्पायडरमॅन धोतर नेसतो हे वाचून हसू आलं तर खुशाल हसा. मलाही आलं होतं. २००४ साली गॉथम कॉमिक्सनं 'स्पायडरमॅन इंडिया' नावाची चार अंकांची मालिका काढली. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग ही त्यामागची मंडळी. त्यात पीटर पार्करचा झाला पवित्र प्रभाकर, मेरी जेनची झाली मीरा जैन, मे काकूची माया काकू आणि बेन काकांचे भीम काका. नावं जुळवताना मंडळींना भलतीच मजा आली असणार!

गोष्ट मात्र ओळखीची निघाली. पवित्र हा खेड्यातला पोरगा. आईवडील नाहीत. स्कॉलरशिप मिळते म्हणून काका-काकूंबरोबर मुंबईला येतो. काका ओढाताण करून त्याच्या शिक्षणाचा खर्च भागवतात आणि शाळेतली पोरं त्याच्या गावठी राहणीवरून त्याची टर उडवतात. आता मी होटगीचा. होटगी म्हणजे सोलापूरजवळचं जंक्शन, जिथून विजापूर-गदगची लाईन फुटते. घराबाहेर निम्मं कन्नड, निम्मं मराठी. पुण्याला कॉलेजात पहिल्या आठवड्यात तोंडातून "का बे" निघालं आणि पुढची तीन वर्षं तेच माझं नाव झालं. त्यामुळे पवित्रचं धोतर मला लगेच कळलं.

तर सांगायचा मुद्दा असा, की जुन्या नायकाची जन्मकथा नव्यानं सांगायची तर काय बदलायचं आणि काय ठेवायचं? हा उद्योग काही नवा नाही. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ साली स्पायडरमॅनची मूळ गोष्ट अवघ्या अकरा पानांत सांगितली होती. २००० साली ब्रायन मायकल बेंडिस आणि मार्क बॅगली यांनी 'अल्टिमेट स्पायडरमॅन'मध्ये तीच गोष्ट सात अंक पुरवून सांगितली. किरणोत्सारी कोळ्याच्या जागी प्रयोगशाळेत जनुकं बदललेला कोळी आला, आणि पीटर पेपरात फोटो विकण्याऐवजी पेपरची वेबसाइट सांभाळू लागला. काळ बदलला की भीतीही बदलते. साठच्या दशकात अणूची होती, नंतर जनुकांची आली.

आपल्याकडेही हे आधी झालेलं आहे. १९६४ साली टाइम्स ऑफ इंडियानं इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि ली फॉकचा फॅंटम मराठीत 'वेताळ' झाला. त्याच्या देशाचं नाव आपल्या बंगालशी घोटाळा नको म्हणून 'डेंकाली' केलं गेलं. हे बारसं ज्यानं कुणी केलं त्याला मानलं पाहिजे. फॅंटमला मरण नाही असं जंगलातले लोक मानतात, आणि आपला वेताळ तर गावोगावच्या वेशीवर आधीपासून बसलेला. एका नावात सगळी जन्मकथा आपली होऊन गेली.

पवित्रच्या बाबतीत मला एक बदल पटला नाही आणि एक फार पटला.

न पटलेला आधी सांगतो. पवित्रला कोळी चावत नाही. टवाळ पोरं मागे लागलेली असताना त्याला एक योगी भेटतो आणि शक्ती देतो. भारत म्हटलं की योगी आलाच! पण पीटरची गंमत अशी होती, की तो कोळी कुणालाही चावला असता. त्याला कुणी निवडलेलं नव्हतं. पवित्रला मात्र निवडून दिलं जातं. निवडलेल्या माणसाचं काम अर्धं सोपं असतं. 'मीच का?' या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर असतं.

पटलेला बदल काकांच्या मृत्यूचा. मूळ गोष्टीत पीटर एका चोराला समोरून पळून जाऊ देतो आणि पुढे तोच चोर घरात शिरून बेन काकांना मारतो. यात योगायोग जरा जास्त आहे. पवित्रच्या गोष्टीत काही गुंड एका बाईला त्रास देत असतात. पवित्र बघतो आणि निघून जातो. मग त्याला काकांची किंकाळी ऐकू येते. भीम काका त्या बाईला सोडवायला मध्ये पडलेले असतात. अंगात कुठलीही शक्ती नसताना.

ताकदीबरोबर जबाबदारी येते हे वाक्य आपण बेन काकांच्या तोंडी ऐकतो, पण १९६२च्या अंकात ते शेवटच्या चौकटीतलं निवेदन आहे. काका तसं काही बोलतच नाहीत. भीम काका तर बोलण्याच्याही पुढे गेले. पुतण्यानं टाळलं ते त्यांनी केलं. त्यांच्याकडे ताकद नव्हती, नुसतीच जबाबदारी होती.

आणि इथे मला आमचे थोरले काका आठवतात.

नातेवाईक मंडळी, तुम्हाला ही गोष्ट पाठ आहे, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आजोबा गेले तेव्हा काका नववीत होते आणि माझे बाबा पाचवीत. काकांनी शाळा सोडली आणि होटगी स्टेशनवर पोती उचलायला लागले. तेव्हा गदगकडची लाईन मीटरगेज होती आणि सोलापूरची ब्रॉडगेज. म्हणजे एकीकडून आलेला माल उतरवून दुसऱ्या वॅगनमध्ये भरावा लागे. त्या पोत्यांवर बाबा शिकले, नोकरीला लागले आणि आम्ही सगळे रांगेला लागलो. लग्न असो की तेरावा, ही गोष्ट निघतेच, आणि "त्यांनी त्याग केला म्हणून आपण आहोत" या वाक्यावर संपते. आमच्या घराण्याची जन्मकथाच म्हणा ना.

२०२३ साली 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' आला. त्यात पवित्र पुन्हा भेटला, मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र करून केलेल्या मुंबॅटन शहरात. त्या सिनेमाचा सगळा झगडा याच प्रश्नावर आहे. प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात काही घटना ठरलेल्या असतात, काही माणसं मरावीच लागतात, नाहीतर गोष्ट मोडते, असं एक गट म्हणतो. पवित्रच्या मैत्रिणीचे वडील, इन्स्पेक्टर सिंग, त्या हिशेबानं मरायचे असतात. माइल्स त्यांना वाचवतो, आणि शाबासकी तर सोडाच, त्याला उलट ऐकून घ्यावं लागतं.

सिनेमा बघून माझा चौदा वर्षांचा भाचा दोन दिवस गप्प होता. मग म्हणाला, "मामा, थोरल्या आजोबांना शाळा सोडायलाच पाहिजे होती का? दोघं पण शिकले असते तर?"

मी ही गोष्ट शंभरदा ऐकली आहे. हा प्रश्न मात्र कुणी विचारलेला ऐकला नव्हता. आम्ही सगळे माइल्सला ओरडणाऱ्या त्या गटातले. त्याग झालाच पाहिजे, नाहीतर आमची गोष्ट मोडते!

काकांना जाऊन बरीच वर्षं झाली. काकू आहेत, होटगीतच. मी फोनवर त्यांना विचारलं, काकांना शिकायचं होतं का?

"शिकायचं होतं की," काकू म्हणाल्या. "गाडीत कुणी पुस्तक विसरलं की घेऊन यायचे. ते वेताळाचं, जादूगाराचं. तुम्हा पोरांना द्यायच्या आधी रात्री स्वतः वाचून काढायचे. नववीची पुस्तकं तर पत्र्याच्या पेटीत होती, लई वर्षं. मी एकदा रद्दीत घालू का म्हटलं, तर बोलले नाहीत दोन दिवस."

त्या पेटीबद्दल घरातल्या कुणीच कधी सांगितलं नव्हतं. कारण त्यागाच्या गोष्टीत ती बसत नाही. त्यागमूर्ती माणसाला हळहळ नसते, असं आपण धरून चालतो. तसं धरलं की आपल्याला बरं पडतं.

म्हणून मला वाटतं, जन्मकथा पुन्हा पुन्हा सांगायलाच हव्यात. कोळी बदला, गाव बदला, हवं तर धोतर नेसवा. पण पुढच्या वेळी सांगताना, ज्याच्या खांद्यावर गोष्ट उभी आहे त्याला काय हवं होतं, तेवढं विचारून घ्या. आमच्या घरात यापुढे गोष्ट निघेल तेव्हा पोत्यांबरोबर पत्र्याची पेटीही सांगितली जाईल. गोष्ट थोडी कमी तेजस्वी होईल, होऊ दे. काका मात्र त्यात पुरते येतील.

असो. तुमच्या घरातही अशी एखादी पेटी असेल. ज्यांना ती माहीत आहे ती माणसं आहेत, तोवर विचारून ठेवा.