एक खोली, एक पलंग

कोकणातल्या एका लॉजवर मॅनेजरने आमची आधार कार्डं उलटसुलट करून पाहिली. "आडनावं वेगळी दिसतायत. नातेवाईक का?" मी म्हटलं, "मावसभाऊ." मग त्याने दोन खाटांची खोली दिली. चौदा वर्षं आम्ही एका घरात राहतो आहोत. या चौदा वर्षांत मी माझ्या जोडीदाराचा मावसभाऊ झालो, आतेभाऊ झालो, ऑफिसातला सहकारी झालो. दर वेळी हे सांगताना जीभ जड होते, आणि खोलीत गेल्यावर थोडा वेळ आम्ही एकमेकांकडे बघत नाही.

सिट्जेसच्या हॉटेलात काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही पासपोर्ट पाहिले, किल्ली पुढे केली आणि नाश्ता साडेआठपासून मिळेल एवढंच सांगितलं. तयार ठेवलेलं उत्तर माझ्या तोंडातच राहिलं. वर गेलो तर खिडकीत समुद्र आणि खोलीत एकच मोठा पलंग. जोडीदार पलंगाच्या काठावर बसला आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

सिट्जेस हे स्पेनमधल्या कातालोनियातलं किनाऱ्यावरचं गाव, बार्सिलोनापासून साधारण 35 किलोमीटरवर. लोकलने पाऊण तासाच्या आत पोचता येतं. जाताना डाव्या हाताची खिडकी धरावी. गाराफचे डोंगर थेट पाण्यात उतरलेत, त्यामुळे बोगदा, समुद्र, पुन्हा बोगदा, पुन्हा समुद्र असं चालतं. मी रत्नागिरीकडचा, कोकण रेल्वेच्या बोगद्यांत वाढलेला. पण तिथे बोगदा संपला की बहुतेक वेळा हिरवं रान दिसतं, इथे लाटाच खिडकीखाली येतात. आणि सूर्य डोंगराआड मावळतो! सूर्य समुद्रात बुडताना बघायची लहानपणापासूनची सवय. पहिल्या संध्याकाळी आम्ही चुकीच्या दिशेला तोंड करून बसलो होतो.

सप्टेंबरचा मध्य होता. गर्दी ओसरलेली, पाणी अजून उबदार. गावाच्या ऐन मध्यावर बासा रोदोना नावाची पुळण आहे. ती समलिंगी पुरुषांची म्हणून ओळखली जाते. मी मनात एखादी आडबाजूची, लपलेली जागा धरून गेलो होतो. तसं काहीच नव्हतं. वर माडांसारख्या उंच झाडांचा फरसबंद रस्ता, त्यावर बाबागाड्या आणि सायकली, आणि खाली वाळूत सगळे शेजारी शेजारी. आमच्या उजवीकडे एक आजी नातवाला वाळूचा किल्ला करून देत होत्या.

डावीकडे सत्तरी ओलांडलेले दोघे होते. निघायची वेळ झाली तशी त्यातल्या एकाला वाकता येईना. दुसरा समोर गुडघ्यांवर बसला. त्याने टॉवेलने पहिल्याच्या तळपायाची वाळू झटकली, मग बोटांच्या बेचक्यांतली एकेक करून पुसली, पायात बूट घातला, नाडी बांधली. दुसरा पायही तसाच. घाई अजिबात नाही. मग दोन्ही हात धरून त्याला उभं केलं.

मी बघतच राहिलो. आपल्याकडे देवळाच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर म्हातारे नवरा-बायको एकमेकांना सावरताना रोज दिसतात. आमच्यासारखे दोघे म्हातारे झाल्यावर कसे दिसतील, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं.

बूट बांधणाऱ्यांना इंग्रजी येत होतं. मी टक लावून बघत होतो हे त्यांच्या लक्षात आलं असावं, तेच बोलायला लागले. 26 जून 1977 ला बार्सिलोनाच्या रांब्ला रस्त्यावर स्पेनमधला पहिला समलिंगी हक्क मोर्चा निघाला, त्यात ते होते. हुकूमशहा फ्रँकोला मरून दोन वर्षंही झाली नव्हती. काही हजार माणसं जमली आणि पोलिसांनी त्यांना बळाने पांगवलं. उनाड-गुंडांसाठीच्या जुन्या कायद्यात 1954 मध्ये समलिंगी माणसांची भर घातली होती. 1970 मध्ये त्याच्या जागी 'सामाजिक धोका' मानणारा नवा कायदा आला. नुसतं असणं हाच धोका, त्यासाठी कोंडून ठेवायची सोय. समलिंगी संबंधांचा उल्लेख त्यातून 1978 च्या डिसेंबरात निघाला आणि 2005 च्या जुलैपासून लग्नाचा हक्क मिळाला. "कायदा आला तेव्हा आम्ही एकत्र येऊन पंचवीस वर्षं झाली होती," ते म्हणाले, "तरी पहिल्याच वर्षी जाऊन सही केली."

गावात बघण्यासारखं आणखीही आहे. टेकाडावरचं सतराव्या शतकातलं चर्च तर प्रत्येक फोटोत येतं. मला ओढ होती ती काउ फेरात या घराची. सान्तियागो रुसिन्योल या चित्रकाराने कोळ्यांची घरं घेऊन ते उभं केलं आणि जुन्या लोखंडी कारागिरीने भरून टाकलं. 1894 मध्ये त्याने एल ग्रेकोची दोन चित्रं विकत घेतली आणि ती मिरवणुकीने गावातून घरी नेली. एरवी देवाची पालखी बघणाऱ्या गावाने चित्रांची मिरवणूक बघितली. माझं मत असं, की वेगळ्या माणसाला रस्ता मोकळा करून देण्याची सवय या गावाला तेव्हापासूनच लागली असावी.

शेवटचे दोन दिवस बार्सिलोनात काढले. जुन्या गल्ल्या, चर्च, गौदीच्या इमारती, यांवर पुष्कळांनी लिहिलंय. आम्ही सिउतादेया बागेत गेलो. तिथे गुलाबी दगडाचा त्रिकोण आहे, 2011 मध्ये बसवलेला. नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर याच रंगाचा त्रिकोण शिवत. इतिहासात ज्या समलिंगी आणि पारलिंगी माणसांचा छळ झाला, त्यांच्या स्मरणार्थ तो दगड आहे. जवळच एक वाद्यमंडप आहे. 6 ऑक्टोबर 1991 ला तिथे झोपलेल्या सोनिया रेस्काल्वो या पारलिंगी स्त्रीला निओनाझी टोळक्याने मारून टाकलं. आता मंडपाला तिचं नाव आहे. सिट्जेसच्या उन्हात ज्या मोकळेपणाने आम्ही हात धरून हिंडलो, त्याची किंमत कुणी मोजली ते इथे उभं राहिल्यावर कळलं. दगडापाशी कुणीतरी पाण्याची रिकामी बाटली टाकली होती. जोडीदाराने ती उचलून कचरापेटीत टाकली आणि आम्ही निघालो.

व्हिसाच्या अर्जात वैवाहिक स्थितीच्या रकान्यात आम्ही दोघांनीही 'अविवाहित' लिहिलं होतं. आपल्या कायद्यात आमच्यासाठी दुसरा शब्द नाही. 6 सप्टेंबर 2018 ला भारतीय दंड संहितेच्या कलम 377 चा आमच्यावरचा भाग रद्द झाला आणि आम्ही गुन्हेगार राहिलो नाही. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचा हक्क मात्र मान्य केला नाही. ती लढाई चालू राहील, आमच्या हयातीत संपावी अशी इच्छा आहे.

पण एक गोष्ट न्यायालयासाठी थांबलेली नाही, म्हणून कोकणातल्या लॉजवाल्यांना आणि घरगुती राहण्याची सोय करणाऱ्यांना हात जोडून विनंती. तुमचा समुद्र सिट्जेसपेक्षा तसूभरही कमी नाही, आणि आम्हाला तिथेच यायचं असतं. दोन पुरुष आले, दोन बायका आल्या, तर ओळखपत्रं बघा, नोंदवहीत नाव-पत्ता लिहून घ्या, तेवढं करायलाच हवं. नातं विचारू नका. एक खोली मागितली तर एक द्या, आणि सकाळी नाश्ता किती वाजता मिळतो तेवढं सांगा.