दोन बोटे कापड

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय खाली उतरेल याचा नेम नसतो. यंदा आमच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा उतरला. आईचा सुया-दोऱ्यांचा डबा! झाकणावर चौकड्यांचा किल्ट घातलेला एक स्कॉटिश शिपाई ऐटीत उभा आहे. माझी मुलगी तो पुसता पुसता म्हणाली, "बाबा, हा परकर नेसून लढायला निघालाय की काय?"

मी हसलो, पण मास्तरकीची खोड वाईट! पुस्तके काढून बसलो आणि त्या शिपायाने मला चांगलेच गुंतवून ठेवले.

त्याचा हा पोशाख साधासुधा नव्हे. 1746 साली इंग्रज सरकारने कायदा करून डोंगराळ स्कॉटलंडातील लोकांना तो घालायला बंदी केली. सवलत फक्त पलटणीतल्या शिपायांना. 1782 साली कायदा उठला; तोवर किल्ट उजळ माथ्याने टिकला तो सैन्यातच. मग त्याचा अभिमान का वाटू नये?

पण युद्धाला कुणाच्या अभिमानाची पर्वा नसते. 1899 च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत मागर्सफाँटीनला हायलंडचे शिपाई बोअरांच्या गोळीबाराखाली दिवसभर उन्हात पालथे पडून राहिले. किल्टवर पुढून खाकी कापड बांधले होते, पण उघड्या पोटऱ्या आणि गुडघ्यांच्या मागची कातडी उन्हाने भाजून निघाली. खाकी हा शब्दही इकडूनच तिकडे गेलेला. खाक म्हणजे धूळ. ज्या रंगांसाठी आजे-पणजे कायद्याशी झगडले, त्यांवर आता धुळीचा पडदा पडला.

1914 साली हे लोक फ्रान्सला गेले ते होडीच्या आकाराची, मागे दोन फिती सोडलेली ग्लेनगॅरी टोपी घालून. दिसायला मोठी देखणी; पण ना ऊन अडवील, ना पाऊस. वर्षभरात तिच्या जागी खाकी लोकरीची रुंद, चपटी टोपी आली. बर्न्सच्या कवितेतील नायकावरून तिला टॅम ओशँटर म्हणतात. 25 सप्टेंबर 1915 रोजी लूसच्या लढाईत दोन स्कॉटिश डिव्हिजने चालून गेली, तेव्हाही डोक्यावर पोलाद नव्हते. होत्या त्या कापडी टोप्या आणि विषारी वायूपासून वाचायच्या गुंडाळलेल्या पिशव्या. पुढच्या वर्षी मात्र उपड्या थाळीसारखे पोलादी शिरस्त्राण सर्वांच्या डोक्यावर आले. त्यात स्कॉटिश कोण आणि इंग्रज कोण, हे दुरून कळायची सोय उरली नाही.

किल्टचे हाल तर विचारूच नका. सात-आठ वार लोकरीच्या निऱ्यांत उवा वस्तीला. शिपाई मेणबत्तीच्या ज्योतीवर शिवणी धरून त्या जाळीत. चिखलाने जड झालेली कड थंडीत गोठली की पायांना कापी. 1917 च्या जुलैत मस्टर्ड वायू आला, आणि उघडी कातडी हाच गुन्हा ठरला. तरी किल्ट सुटला नाही. 1940 साली फ्रान्समध्ये कॅमेरॉन हायलंडर्सची एक पलटण तो घालून लढली. ती शेवटचीच मानली जाते.

हे सारे वाचताना एक बारीकशी गोष्ट मनात रुतून बसली. त्या खाकी टोपीवर बिल्ल्याच्या मागे पलटणीच्या टार्टनचा एक लहानसा तुकडा शिवीत. सगळे झाकले गेले, पण दोन बोटे कापड राखले!

आणि मला नाना आठवले. माझे वडील. जन्मभर डोक्यावर पांढरी टोपी. झोपताना काढायची, ती उशाशी. काही वर्षांपूर्वी त्यांचे ऑपरेशन ठरले. आत नेताना परिचारिकेने टोपी काढायला सांगितली. तिचे काही चुकले नव्हते. नाना म्हणाले, "काढतो, पण मला दिसेल अशी ठेवाल का?" मीच वैतागून म्हणालो, "नाना, या वेळी टोपीचं काय घेऊन बसलात!"

ते काही बोलले नाहीत. टोपीची घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिली.

ते बरे होऊन घरी आले, पुढे दोन वर्षे राहिले. पण टोपी पुन्हा घातली नाही. का, ते मी विचारले नाही. विचारायला हवे होते. जीव वाचवताना बरेच काही उतरवावे लागते; शिपायाला लागते, रोग्यालाही. त्यात चूक नाही. पण माणूस दोन बोटे कापड मागतो, तेव्हा तेवढे तरी द्यावे. ज्यांनी खंदकातल्या शिपायाच्या टोपीवर तो तुकडा राहू दिला, त्यांना ते कळले होते. मराठी शिकवणाऱ्या मला कळले नाही.

"बाबा, यात खाली काहीतरी आहे," मुलगी म्हणाली. रिळांखाली, कागदात नीट गुंडाळून आईने नानांची टोपी ठेवली होती.

डबा पुन्हा माळ्यावर गेला नाही. या दिवाळीत तो बाहेरच्या फळीवर आहे.