शिराझची गोष्ट

दिंडोरी, जि. नाशिक

चि. सई,



मैत्रिणीने फ्रान्सहून आणलेल्या बाटलीवर ‘सिरा’ आणि ॲडलेडच्या दुकानांत सगळीकडे ‘शिराझ’. द्राक्ष एकच असेल तर चव इतकी वेगळी का, असं तू विचारलंस. वाण एकच आहे. आपल्या बागेतही तोच उभा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इराणमधल्या शिराझ शहराची कथा तुझ्या कानावर येईलच. धर्मयुद्धातून परतलेल्या एका सरदाराने तिथली वेल आणून फ्रान्सच्या ऱ्होन नदीकाठच्या एर्मिताज टेकडीवर लावली, असं म्हणतात. त्यावर विश्वास ठेवू नकोस. १९९८ साली डीएनए तपासणीत या वाणाचे आईबाप सापडले, ते फ्रान्सच्याच आग्नेय भागातले: द्यूरेझा हे काळं द्राक्ष आणि माँदूझ ब्लांश हे पांढरं. दोन्ही आता क्वचितच कुणी लावतं. नाव झालं ते लेकराचं.

उत्तर ऱ्होनमध्ये घड सावकाश पिकतात. वाईन फार जड होत नाही, आंबटपणा टिकतो आणि नाकाला मिरपूड जाणवते. हा भास नव्हे. रोटनडोन नावाचं एक द्रव्य द्राक्षाच्या सालीत असतं आणि काळ्या मिरीतही तेच असतं; २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच संशोधकांनी ते शोधून काढलं. थंड हवेत ते जास्त तयार होतं. साधारण पाचातल्या एका माणसाला मात्र त्याचा वासच येत नाही, तेव्हा तुला मिरी जाणवली नाही तर चूक बाटलीची नाही.

तुमच्या ॲडलेडजवळच्या बरोसा खोऱ्यात ऊन कडक. साखर चढते, तिच्याबरोबर अल्कोहोलही. रंग गडद, चव पिकलेल्या फळांची आणि चॉकलेटकडे झुकणारी. या वळणाची सर्वांत मोठी वाईन म्हणजे पेनफोल्ड्स कंपनीची ग्रेंज. तिथला वाईन बनवणारा मॅक्स शुबर्ट, त्याने बोर्दोची वाईन पाहून आल्यावर १९५१ मध्ये तिचा पहिला प्रयोग केला. जाणकारांनी नाकं मुरडली आणि १९५७ मध्ये कंपनीने ती बंद करायला सांगितलं. शुबर्टने तीन वर्षं ती गुपचूप केली. तोवर आधीच्या बाटल्या मुरल्या, चव खुलली आणि कंपनीनेच पुन्हा परवानगी दिली. तो माणूस मला फार मोठा वाटतो. हे सारं घडलं ते मॅगिलचं तळघर ॲडलेडमध्येच आहे. एकदा बघून ये.

आपल्याकडचा हिशोब निराळा. पावसाळा सरता सरता गोडी छाटणी करायची आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी. दिवसा ऊन, रात्री गारवा, म्हणून घड चांगला भरतो. पण मार्चचा उन्हाळा पेटला की साखर भराभर चढते आणि आंबटपणा कोसळतो. ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, मोजतोच, पण मी मणी चावून बीही बघतो. बी हिरवी असेल तर तोंड तुरट होतं, वाट बघायची. तपकिरी होऊन दाताखाली कुरकुरली की दुसऱ्या दिवशी पहाटेच मजूर बागेत. माझ्या मते वाईनची निम्मी चव त्या एका निर्णयात ठरते. उरलेली हवामान आणि पिंपं ठरवतात.

बरोसाला जाशील तेव्हा १८४३ साली लावलेल्या शिराझच्या वेली जरूर बघ. त्या अजून फळतात, आणि कलम न करता स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. आपल्याकडे डॉगरिजच्या खुंटावर डोळा भरतो, तसा त्यांना खुंट लागला नाही, कारण फिलॉक्सेरा तिथे कधी पोचलीच नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपभरच्या बागा उद्ध्वस्त केल्या त्या याच मुळांवरच्या किडीने, आणि ती बुटाला चिकटलेल्या मातीतूनही एका बागेतून दुसरीत जाते. म्हणून मालकाला विचारल्याशिवाय कुणाच्याही वेलींच्या ओळीत पाय ठेवू नकोस, आणि बरोबर येणाऱ्यांनाही ठेवू देऊ नकोस.

तुझा,
मामा