आधी कापड, मग थिबा पॅलेस

यंदा भिंतीवर टांगायची गोधडी शिवायला घेतली. मधोमध आमच्या रत्नागिरीचा थिबा पॅलेस: जांभ्याच्या रंगाचे तुकडे कोऱ्या मांजरपाटावर मशीनने लावायचे. तुकडे कापताना हौस भागते. जीव खातं ते खालचं कापड.

मांजरपाट आधी रात्रभर भिजवून आटवून घेतला, म्हणजे गिरणीची खळही निघून जाते. एक धागा ओढून त्याच्या रेघेवर कापला, नाहीतर टांगल्यावर गोधडी उरेपी लोंबते. चारी बाजूंना दोन-दोन इंच जास्त ठेवले, कारण शिवणीत कापड आत ओढलं जातंच. मग पेजेच्या निवळीची खळ. "गोधडीला गो कसली खळ नि इस्त्री?" सासूबाई म्हणाल्या, पण पेज त्यांनीच गाळून दिली. निवळ पातळच हवी. रत्नागिरीच्या पावसात घट्ट खळीच्या कापडावर बुरशी धरते, कसर येते ती वेगळीच. इस्त्री मात्र ओढायची नाही, उचलून दाबायची.

एवढं करूनही झिगझॅग कापडाला सोडत नाही. सुई डावी-उजवी जाते, दोरा आवळतो आणि मऊ कापड मधे फुगून चुण्या पडतात. म्हणून मागून कोरा कागद टाचला. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्यावर उतरते. वरच्या दोऱ्याचा ताण सैल केला. पॅलेसच्या अर्धगोल खिडक्यांवर दर दोन-तीन टाक्यांनी सुई बाहेरच्या कडेला रुतवून, पाय उचलून कापड फिरवलं. शेवटी टाक्यांवर अंगठा दाबून भोकांच्या रेघेवर कागद फाडला. कोपऱ्यातले कपटे चिमट्यानेच निघाले.

गंमत म्हणजे ज्याच्यासाठी हा वाडा बांधला, त्या थिबा राजाच्या ब्रह्मदेशात हीच कला दरबारी थाटात चाले. कलागा म्हणतात त्या पडद्यांना: चौकटीवर ताणलेल्या कापडावर तुकडे, टिकल्या, जर, आणि आकृत्यांत कापूस भरून उठाव. माझ्याकडे जे काम कागद करतो, ते तिथे चौकट करते. राजाचं राज्य 1885 मध्ये गेलं, हद्दपारीतच 1910 मध्ये तो या वाड्यात आला आणि 1916 मध्ये इथेच वारला.

आता जुन्या लुगड्याचं अस्तर लावून धावदोरा घालायचा राहिलाय. तो सासूबाईंनी स्वतःकडे घेतलाय आणि मशीनला त्यात हात लावू द्यायला त्या तयार नाहीत.