नदी संपते कुठे

वेंगुर्ला बंदराजवळच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचतगटाच्या स्त्रिया 2017 पासून पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. होडी वल्ह्यांची असते. इंजिनाच्या आवाजाने खंड्या उडून जातो आणि उथळ पाण्यात पंखा चिखलात रुततो, त्यामुळे अशा जागी वल्हेच सोयीचे. या उपक्रमाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्गातल्या सागरी जैवविविधता प्रकल्पाचे आणि राज्य वन विभागाच्या कांदळवन कक्षाचे पाठबळ मिळाले. हा कक्ष 2012 मध्ये स्थापन झाला. उत्तरेला मालवण तालुक्यात कर्ली, कोळंब, कालावल या खाड्यांतही होड्या फिरतात. तारकर्ली-देवबागला तर डॉल्फिन, संगम आणि ‘सुनामी आयलंड’ नावाचा वाळूचा दांडा असा एकत्रच कार्यक्रम असतो. 2004 च्या सुनामीशी नाते सांगणारा तो दांडा दर पावसाळ्यानंतर थोडा वेगळ्या आकाराचा दिसतो, पण नाव मात्र पक्के बसले आहे.

सफरीची वेळ घड्याळापेक्षा पंचांगाला जवळची. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि आजची वेळ उद्या सुमारे 50 मिनिटांनी पुढे. किनाऱ्यावर यासाठी तोंडी हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणायचे, की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता, पंचमीला पावणेचारला. हा हिशेब ठोकताळ्याचा आहे आणि ठिकाणागणिक अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची. उधाणाला होडी फांद्यांच्या जाळीपर्यंत आत जाते आणि मुळे पाण्याखाली असतात; सुकती लागली की मुळे उघडी पडतात, पण होडीला वाट उरत नाही. दोन्ही एकाच फेरीत नीट पाहायला मिळणे अवघड. पर्यटकाला जे कांदळवन दिसते ते त्या दिवशीच्या तिथीचे असते.

झाडांचा क्रम साधारण ठरलेला आहे. पाण्याच्या कडेला कांदळ, आपल्या कमानदार आधारमुळांवर उभा. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि शेवग्याच्या शेंगेसारखे लांब होऊन लोंबत राहते. ते खाली पडताच चिखलात ताठ रुतते आणि झाड होते, असे सांगायची पद्धत आहे. ओहोटीला पडले तर असे घडतेही. भरतीला पडलेले मात्र तरंगत निघून जाते, आठवडे किंवा महिने पाण्यावर राहते, आणि कुठल्या तरी दुसऱ्याच काठाला लागते. तिवराची श्वसनमुळे जमिनीतून उभी वर येतात, कारण चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. ती त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून हवा घेतात. तिवर खारे पाणी शोषून जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतो, म्हणून सफरीत बहुधा कोणीतरी पान चाटून पाहतोच. कांदळाची रीत उलटी: तो बरेचसे मीठ मुळाशीच अडवतो. पांढरी चिप्पी 2020 मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरली. तिचे पांढऱ्या केसरांचे फूल रात्री उमलते, वटवाघळे त्याच्याकडे येतात आणि सकाळपर्यंत केसर गळून गेलेले असतात. दिवसाच्या सफरीला ते सहसा सापडत नाही. हुऱ्याच्या चिकापासून डोळे जपायला सांगतात, ते खरेच जपावेत. काजळा आणि काटेरी पानांची मारांडी काठाच्या बाजूला. खाली चिखलात कुर्ल्यांची बिळे, वर ब्राह्मणी घार, आणि नशीब असेल तर पाणमांजर.

इतके झाल्यावर होडीत एक प्रश्न हमखास येतो: हा समुद्र आहे की नदी? उत्तर मिळते, खाडी. उत्तर बरोबर आहे आणि त्याने प्रश्न मिटतो, सुटत मात्र नाही. नदी कुठे संपली, हे विचारणाऱ्याला समजलेले नसते. सांगणाऱ्यालाही ते बोट ठेवून दाखवता येणार नाही.

नदीबद्दल मराठीत जे बजावून ठेवलेले आहे ते दुसऱ्या टोकाचे. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ पाहू नये. म्हण इतकी तोंडवळणी पडली आहे की ती फारशी कोणी पाळत नाही, हे लक्षातच येत नाही. महाराष्ट्रात नदीचे मूळ पाहायला लोक रांगा लावून जातात. ब्रह्मगिरी गोदावरीसाठी, महाबळेश्वर कृष्णेसाठी, भीमाशंकर भीमेसाठी. ऋषींच्या कुळाचेही तेच. सगळ्यांत थोर ऋषीचे कूळ तर महाभारतानेच सविस्तर सांगितले आहे: यमुनेवर होडी चालवणारी कोळ्यांची सत्यवती, पलीकडे जायला निघालेले पराशर, त्यांनी उभे केलेले धुके, आणि नदीतल्या बेटावर जन्मलेले व्यास. बेटावर जन्मले म्हणून द्वैपायन. म्हणीचे दोन्ही भाग या एका कथेत एकत्र येतात, आणि दोन्ही मोडले जातात. धुके पराशरांनी घातले खरे, पण कथा सांगणाऱ्याने ते आपल्या श्रोत्यांपुरते बाजूला सारले. वल्हे स्त्रीच्या हातात होते हेही ग्रंथात लख्ख आहे. मांडवी खाडीतल्या बायकांकडे नवल म्हणून पाहणाऱ्यांनी ते आठवायला हरकत नाही.

मग म्हण कशासाठी? एक शक्यता अशी की ती घाटावर घडली. गोदावरी, कृष्णा, भीमा यांची मुळे महाराष्ट्रात आहेत, शेवट नाहीत. गोदावरी आंध्रात समुद्राला मिळते, कृष्णाही तिकडेच, भीमा तर समुद्रापर्यंत पोचण्याआधीच कृष्णेत मिसळते. देशावरच्या माणसाला नदी माहीत असते ती उगमाची आणि मधल्या वाटेची. तिच्या शेवटाबद्दल त्याला म्हण करायचे कारणच पडले नाही. कोकणात उलटे. सह्याद्रीपासून समुद्र पन्नास-साठ किलोमीटरवर. आकाश स्वच्छ असले की शेतात उभे राहून घाटाची भिंत दिसते. नदी तिथूनच आली, आणखी कुठून येणार? मूळ पाहू नये असे कोकण्याला सांगणे व्यर्थ आहे. त्याची अडचण तोंडाशी आहे. कणकवलीच्या पुलाखालून जाते ती गड नदी, आणि समुद्रापाशी आहे ती कालावलची खाडी. पाणी तेच, पण मध्ये नाव नेमके कुठे बदलले, हे दोन गावांना विचारले तर एकच उत्तर मिळण्याची खात्री नाही.

ही उपपत्ती मोहक आहे, पण फार काळ टिकत नाही. म्हण कोकणातही तितकीच बोलली जाते. आणि नदीच्या तोंडाशी लोक जात नाहीत असेही नाही. गंगासागरला मकरसंक्रांतीला केवढी यात्रा भरते. तिथे कोणी विचारत नाही की गंगा इथे संपली की मागेच. यात्रेला टोक लागते, ते खरे टोक असलेच पाहिजे असे नाही.

टोक हललेले इतिहासातही दिसते. वाघोटण नदीवर, समुद्रापासून सुमारे 40 किलोमीटर आत, खारेपाटण आहे. शिलाहार रट्टराजाचा इसवी सन 1008 चा ताम्रपट याच गावात सापडला. एके काळी विजयदुर्गच्या खाडीतून गलबते इथपर्यंत येत, घाटाचा माल इथे उतरे-चढे. पुढे गाळ साचत गेला आणि बंदर म्हणून गावाचे काम संपले. आज मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्याला खारेपाटण नदीकाठचे गाव वाटते. जुन्या व्यापाऱ्याला ते समुद्राकाठचे वाटले असते, आणि त्याच्या धंद्यापुरते ते होतेही.

विज्ञानाकडे वळावे तर तिथेही रेघ सापडत नाही. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असते, आणि खारे पाणी गोड्यापेक्षा जड. खाडीत पाणी फार ढवळले जात नसेल तेव्हा समुद्र तळाने आत सरकतो आणि नदी त्याच्या पाठीवरून बाहेर जाते. एकाच जागी, एकाच क्षणी, वर नदी आणि खाली समुद्र. होडी कशावर चालली आहे ते वल्हे किती खोल गेले त्यावर. भरतीच्या पाण्याचा चढ-उतार तर मिठाच्याही पुढे जातो. काही अंतर असे असते की पाणी दिवसातून दोनदा वर-खाली होते आणि तरी चवीला गोडे असते.

कायद्याला मात्र रेघ लागतेच. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेने खाड्या-नद्यांसाठी ती अशी ठरवली: वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात जिथपर्यंत पाण्यात हजारी 5 भाग मीठ आढळते, तिथपर्यंत किनारा. म्हणजे समुद्राचा सातवा हिस्सा खारटपणा उरला की समुद्राचा कायदा संपला. बाणाने समुद्र मागे हटवून कोकणची हद्द आखणाऱ्या परशुरामाच्या कथेपेक्षा ही रीत नीरस आहे, पण निदान तिला ऋतू माहीत आहे. पाच हाच आकडा का, चार किंवा सहा का नाही, याला उत्तर असेल तर ते सोयीचे आहे.

पण सिंधुदुर्गात नदीचा शेवट प्रत्यक्षात ठरवला तो खार बंधाऱ्याने, आणि सफरीत त्याच्याबद्दल फारसे बोलणे निघत नाही. खाडीकाठची सखल जमीन भातासाठी मिळवायची तर मातीदगडाचा बांध घालून खारे पाणी अडवायचे आणि बांधात उघाडी ठेवायची. उघाडीचे दार बाहेरच्या बाजूला उघडते. ओहोटीला आतले पावसाचे पाणी ते ढकलून बाहेर पडते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटते. माणूस जवळ नसला तरी दिवसातून दोनदा नदी आणि समुद्र वेगळे करण्याचे काम ते करत राहते. जूनच्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघाले की पेरणी. गोव्यात याच व्यवस्थेला खाजन म्हणतात, दाराला मानस, आणि तिथे ‘गावकरी’ या ग्रामसंस्थेने बांधाची देखभाल व मानशीवरची मासेमारी असे दोन्ही हिशेब शतकानुशतके सांभाळले. खारे पाणी सोसणारे कोरगुट भात त्या जमिनीचे. महाराष्ट्रात 1948 चा आणि नंतर 1979 चा खारजमीन कायदा आला, पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या, आणि बरेचसे बांध सरकारी योजनांत गेले. त्यानंतर बांध फुटला की गाव सरकारकडे पाहते. सरकारकडे कामाचा क्रम असतो, भरतीकडे तो नसतो.

बांध फुटल्यावर दुरुस्ती लांबली तर शेतात मीठ बसते, भात थांबते, आणि काही वर्षांत तिथे तिवर उगवतो. तरंगत आलेले बी सातबारा पाहत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली आणि 2018 च्या निकालात ते संरक्षण कायम केले. मोठ्या कांदळवनाभोवती 50 मीटरचा पट्टाही राखीव. त्यामुळे ज्याचे शेत होते त्याच्या शेतात आता तोडता न येणारे जंगल उभे असते. मुंबई-ठाण्यात भराव घालून खाड्या बुजवणाऱ्यांना आवरायला हा कायदा हवाच होता, आणि अजून हवा आहे. तोच कायदा फुटलेल्या बांधामागच्या शेतकऱ्याला लावताना न्याय होतो का, हे सांगणे अवघड. कांदळवनाचे म्हणणे असते तर तेही सोपे नव्हते: ती जागा बांध घालण्याआधी कोणाची होती?

शिवाय दोघांचे वैर पुरते नाही. बांधाच्या बाहेर कांदळवन दाट असले तर लाटांचा मार त्याच्यावर जातो आणि बांध टिकतो. आणि कांदळवनातली कुर्ली, जिच्याकडे होडीतली मुले बोट दाखवतात, ती बांधात बीळ करते. मोठ्या फुटीची सुरुवात अशा भोकातून होऊ शकते. रक्षक आणि चोर एकाच चिखलात राहतात, आणि सफरीच्या वर्णनात फक्त पहिल्याला जागा मिळते. हा दोष सफरीचा म्हणता येणार नाही, कारण तासाभराच्या फेरीत सातबारा, न्यायालय आणि उघाडी कुठे बसवणार? तरी पाहणारा नदीचा शेवट पाहून आलो असे समजून परततो, आणि त्याने पाहिलेला असतो तो बहुधा तीनशे वर्षांपूर्वी किंवा मागच्याच दशकात कोणीतरी घातलेल्या, नाहीतर मोडलेल्या बांधाचा परिणाम.

मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत किनाऱ्यावरचे जलपर्यटन बंद असते. याच काळात नदी सर्वांत मोठी असते. घाटाचे पाणी खारट पाण्याला पार तोंडापर्यंत रेटते, आणि हजारी पाचची रेघ कित्येक किलोमीटर समुद्राकडे सरकते. कायद्याने मोजणीसाठी कोरडा काळ निवडला, पर्यटकांच्या होड्याही त्या काळाच्या आसपासच फिरतात. जुलैत खाडीकाठी फक्त भात लावणारे असतात. नदीचा शेवट त्यांना विचारावा, तर ते जी जागा दाखवतील ती एप्रिलच्या नकाशात समुद्र आहे.